काजळी, कापूर आणि साखरेची पट्टी : छपाईच्या हुनराला नवे काम

तारापूर एमआयडीसीत कापड छापणारे, रसायने बनविणारे आणि औषधे तयार करणारे कारखाने जवळजवळ आहेत. पालघर-बोईसर भागातील आपली अनेक मुले तेथे रोजी कमावतात. हे तिन्ही हुनर ज्या एका मालात एकत्र येतात, त्याची माहिती आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना असावी, म्हणून हा लेख. तो माल म्हणजे बायोसेन्सर. त्याचा ओळखीचा नमुना आज असंख्य घरांत आहे : मधुमेहाची साखर तपासण्याची पट्टी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यावरून मागणीचा अंदाज यावा.

यातील पुष्कळ पट्ट्या म्हणजे मुळात छपाईच आहे. प्लास्टिकच्या पत्र्यावर जाळीतून कार्बनची काळी शाई ओढतात, सुकवितात आणि तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम बसवितात. रक्ताचा थेंब पडला की एन्झाइम साखरेवर काम करते, त्यातून किंचित वीज निर्माण होते आणि मशीन ती मोजून आकडा दाखविते. जाळी व स्क्वीजी ही आपल्या कारागिरांच्या हातातलीच हत्यारे आहेत.

साध्या पट्टीला साधा कार्बन पुरतो. परंतु हृदयविकाराच्या झटक्यात रक्तात उतरणारे द्रव्य किंवा भाजीवरील कीटकनाशक अगदी अल्प प्रमाणात ओळखायचे असेल, तर अधिक नाजूक माल लागतो. येथे नॅनो कार्बन उपयोगी पडतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. जपानचे सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन केले. मँचेस्टर येथे २००४ मध्ये एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पदर, म्हणजे ग्रॅफीन, वेगळा काढण्यात आला. त्यासाठी गाइम व नोवोसेलोव्ह यांना २०१० चे नोबेल मिळाले. एक ग्रॅम ग्रॅफीन एका पदरात पसरले तर सुमारे १,३०० चौरस मीटर जागा व्यापते. ४४ इंची पन्ह्याच्या हिशेबाने ते ११०० मीटरहून अधिक कापड झाले! एवढ्या पृष्ठभागावर तपासणीचे द्रव्य भरपूर बसते, आणि वीजही चांगली वाहते.

हे इल्म परक्यांचेच आहे असे समजू नये. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक महेश्वर शरॉन यांच्या गटाने १९९४ मध्ये कापरापासून, ज्याला आपण काफूर म्हणतो, फुलरीन हा कार्बनचा प्रकार तयार केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे कापरापासून नॅनो नळ्याही करण्यात आल्या. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी सतराव्या शतकातील एका दमिश्की तलवारीत अशा नळ्या आढळल्याचे जाहीर केले. अशा तलवारींचे पोलाद हिंदुस्थानातून जात असे. लोहाराला नळीचे नाव ठाऊक नव्हते, पण भट्टीची शिस्त ठाऊक होती.

आता धंद्याची गोष्ट. कापडाच्या दोन लॉटमध्ये शेडचा फरक पडला तर आपण सूट देऊन माल काढतो. पट्टीत सूट नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे साखर १०० किंवा त्याहून अधिक असता १०० पैकी ९५ वाचने खऱ्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. छाप थोडी जाड-पातळ झाली तर आकडा चुकतो, आणि चुकीच्या आकड्यावर रुग्ण इन्सुलिन टोचून घेतो. म्हणून रक्ताच्या पट्टीला वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे परवाना लागतो. थोड्या भांडवलाच्या माणसाने येथून सुरुवात करू नये. महाविद्यालयांच्या व कारखान्यांच्या प्रयोगशाळांना लागणारे छापील इलेक्ट्रोड, स्थिर वीज न साचणारे कापड, उष्णता देणारे लेपाचे कापड, ही कामे आपल्या आवाक्यात आहेत.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली, ‘नॅनो’ या नावावर जादा दर देऊ नये. वीज किती वाहते याचा तपासणी दाखला मागावा. कापडासाठी घाटकोपरची बीटीआरए व वरळीची सस्मिरा या जुन्या संस्था आहेत. दुसरी, ही भुकटी श्वासातून जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१४ मध्ये एका प्रकारच्या कार्बन नळ्या कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरल्या. कोरडी पूड हाताळण्यापेक्षा तयार शाई घ्यावी, मुलांना चांगला मास्क द्यावा, धुणावळीचे पाणी गटारात सोडू नये. तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

ज्यांच्या घरात जाळीचे काम आहे, त्यांनी एका मुलाला रसायनशास्त्र शिकवावे व मोजमापाची सवय लावावी. छपाई आपल्याकडे आहेच. आकड्याचा भरवसा तेवढा कमवायचा आहे, आणि तिजारतीत खऱ्या मापाची ताकीद आपल्याला फार पूर्वीच मिळालेली आहे.