मोबाइलवरचा छळ: बीडच्या घराघरांतले पाच गैरसमज

दिवाळी सरली की धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा भागातले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. शाळेत जाणारी कितीतरी मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. आई-बापाचा आवाज ऐकायचा तो मोबाइलवर. त्याच मोबाइलवर बनावट खाती, टिंगल आणि फोटो व्हायरल करण्याच्या धमक्याही येतात. या छळाविषयीचे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज १: पैसे दिले की धमकावणारा फोटो डिलीट करेल.

वस्तुस्थिती: एकदा पैसे मिळाले की मागणी वाढते. पैसे देऊ नका, आणखी फोटोही पाठवू नका. खात्याचं नाव, नंबर, तारीख आणि धमकी दिसेल असे स्क्रीनशॉट आधी घ्या, ब्लॉक नंतर करा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. अठरा वर्षांखालच्यांच्या अश्लील फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो शोधून हटवतात.

गैरसमज २: फोटो खरा नाही, एआयने बनवलाय. मग गुन्हा कसला?

वस्तुस्थिती: २०१९च्या दुरुस्तीनंतर पोक्सो या मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्यातल्या व्याख्येत संगणकावर बनवलेली किंवा फेरफार केलेली मुलांची अश्लील चित्रंही येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-बीखाली पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. असा मजकूर डाउनलोड करणं आणि पसरवणं हेही त्याच कलमात मोडतं. त्यामुळे ‘बघा काय चाललंय’ म्हणत गावाच्या ग्रुपवर टाकणारा मोठा माणूसही अडकू शकतो.

गैरसमज ३: ही पोरांची मस्करी आहे, कायद्याचा काय संबंध?

वस्तुस्थिती: प्रत्येक कडवट कमेंट गुन्हा नसते, हे खरं. फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना २०१२मध्ये झालेल्या अटकेनंतर वादात सापडलेलं, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. चिडवाचिडवी वर्गशिक्षक आणि पालकांनी मिळून वेळीच थांबवावी. पण दुसऱ्याचा पासवर्ड चोरून वापरणं, नकोसा पाठलाग करणं, जिवे मारण्याची धमकी देणं हे गुन्हेच आहेत. करणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे भर सुधारण्यावर असतो, याचा अर्थ काहीच होत नाही असा नाही.

गैरसमज ४: तक्रारीसाठी आई-बापाला कारखान्यावरून यावं लागेल आणि गावभर नाव होईल.

वस्तुस्थिती: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न येत नाही. पोक्सोखालच्या गुन्ह्याची माहिती आजोबा, शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक यांपैकी कोणीही द्यावी. ती दडवणं हाच गुन्हा आहे. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. माध्यमांना मुलाची ओळख उघड करता येत नाही. पहिला फोन कुठे करावा हे सुचत नसेल, तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

गैरसमज ५: फोन काढून घेतला की मूल सुरक्षित.

वस्तुस्थिती: फोन घेतला तरी बदनामीचा मजकूर इतरांच्या फोनवर फिरतच राहतो. मूल मात्र एक धडा शिकतं: पुन्हा सांगायचं नाही. मुलीच्या बाबतीत फोनपाठोपाठ शाळाही सुटू शकते, आणि मग लग्नाची घाई होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचं दिसलं. ‘घरी कळलं तर लग्न लावून देतील’ ही भीती इथे काल्पनिक नाही, आणि धमकावणारा नेमका या भीतीवरच जगतो. वरची सगळी कलमं आणि नंबर मुलाने तोंड उघडलं तरच कामाला येतात. म्हणून ‘काहीही झालं तरी आम्हाला सांग, तुझी शाळा सुटणार नाही’ हा शब्द मुलांना आधीच द्या, आणि वेळ आली की तो पाळा.