मागापासून मोटारीपर्यंत : टोयोटाची हकीकत

आपल्या इस्लापूर-किनवट भागात टोयोटा हे नाव सहसा कोणी उच्चारीत नाही. लोक म्हणतात क्वालिस, लोक म्हणतात इनोव्हा. लग्नाच्या वऱ्हाडाला गाडी ठरवताना ‘इनोव्हाच पाहिजे’ असे वरपक्ष बजावतो, पुढारी फॉर्च्युनरमधून उतरतो, आणि सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास आलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांत या तिन्हींपैकी एखादी हटकून असते. या तिन्ही गाड्या एकाच जपानी कंपनीच्या होत. कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु मोटार ही जशी घेणाराची असते, तशी ती करणाराचीही असते, आणि या कंपनीच्या बाबतीत करणाराची बाजू पाहिल्यावाचून गाडीच्या टिकाऊपणाचे रहस्यही उलगडत नाही, असे आमचे मत आहे.

या मोटारीचा उगम मागात आहे. साकिची टोयोडा हा १८६७ साली जन्मलेला एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा. शाळा बेताचीच. गावातल्या बायका हातमागावर दिवसभर राबतात हे पाहून त्याने सुधारलेला लाकडी हातमाग केला आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे तो यंत्रमागाकडे वळला. १९२४ साली पुरा झालेला ‘जी’ जातीचा स्वयंचलित माग ही त्याच्या जन्माची कमाई होय. या मागात धोट्यातले सूत संपत आले की माग न थांबवता भरलेला धोटा आपोआप आत येई. आणि ताण्याचा एखादा धागा तुटला, की माग आपला आपण थांबे.

हे दुसरे कलम नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या साळखात्यात ज्यांच्या घरची माणसे राबली, त्यांना ते सांगावयास नको. धागा तुटूनही साचा चालूच राहिला तर वाराच्या वार कापड वाया जाते, म्हणून विणकराला डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते. माग स्वतःच थांबू लागल्यावर हे राखण बसणे संपले आणि एक माणूस तीसहून अधिक माग सांभाळू शकला. मालकाला यात नफा दिसतो. आम्हाला त्याच क्षणी प्रश्न पडतो, की बाकीच्या माणसांचे काय झाले? मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली जो सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. दोन साच्यांच्या जागी तीन-चार साचे चालवा, असे मालक म्हणत होते. आणि तेही जुन्याच यंत्रांवर. म्हणजे जपानात यंत्र शहाणे करून माणसावरची नजर काढली, मुंबईत यंत्र तसेच ठेवून माणूस ताणला. दोहोंत फरक आहे, तो आम्ही मान्य करतो.

१९२९ साली इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या जगप्रसिद्ध माग करणाऱ्या कंपनीने साकिचीच्या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या लँकेशायरने आपल्या विणकरांच्या पोटावर पाय दिला, त्याच लँकेशायरला सुताराच्या मुलाकडून माग विकत घ्यावा लागला! साकिची १९३० साली वारला. त्याचा मुलगा किइचिरो याला मोटारीचा ध्यास होता. १९३३ साली मागाच्या कारखान्यातच मोटारखाते निघाले, १९३५ साली पहिला ट्रक आणि १९३६ साली ‘एए’ ही पहिली विक्रीची मोटार बाहेर पडली. त्याच वर्षी टोयोडाचे टोयोटा झाले. जपानी लिपीत हे नाव आठ फटकाऱ्यांत लिहिता येते व आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. शकुन पाहणारे आपणच एकटे नव्हे. २८ ऑगस्ट १९३७ रोजी मोटार कंपनी स्वतंत्र झाली. पुढे जिथे कारखाना होता त्या कोरोमो शहरानेच १९५९ साली आपले नाव बदलून टोयोटा असे घेतले.

आता १९४९-५० सालाकडे येऊ. टोयोटाच्या चकचकीत चरित्रांत या दोन वर्षांना चार ओळी मिळतात. आमच्या मते सर्वांत मोलाची पाने तीच आहेत. युद्धानंतरची भाववाढ रोखण्यासाठी अमेरिकन अंमलदारांनी जपानात पैशाची चणचण मुद्दाम निर्माण केली. गाड्या विकल्या जाईनात, विकल्या त्यांचे पैसे येईनात. डिसेंबर १९४९ मध्ये कामगारांनी पगारात दहा टक्के कपात पत्करली, आणि बदल्यात कोणालाही काढणार नाही असे कंपनीकडून लिहून घेतले. बँकांनी कर्ज दिले ते मात्र माणसे कमी करण्याच्या अटीवर. १९५० च्या वसंतात, सुमारे आठ हजारांपैकी सोळाशे लोकांनी राजीखुशीने जावे, असे कंपनीने जाहीर केले. लिहून दिलेला कागद कागदच राहिला. संप झाला, दोन महिने चालला. अखेर दोन हजारांवर माणसे बाहेर गेली. याबरोबर एक गोष्ट अशी घडली की जी आम्ही आमच्या आयुष्यात इकडे पाहिली नाही : अध्यक्ष किइचिरो टोयोडा याने जबाबदारी घेऊन स्वतः राजीनामा दिला. जूनच्या दहा तारखेच्या सुमारास संप मिटला आणि पंचवीस जूनला कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याने टोयोटाकडून साडेचार हजारांहून अधिक ट्रक मागविले. केवळ पंधरवड्याचे अंतर! किइचिरो १९५२ साली वारला; त्याला परत बोलावण्याचे ठरत होते. काढलेल्या कामगारांना असे बोलावणे आले नाही.

वाढलेले काम उरलेल्या माणसांवरच उरकायचे ठरले, आणि तेथूनच ताईइची ओनो या व्यवस्थापकाची प्रख्यात पद्धती आकाराला आली. तिचे दोन पाय आहेत. पहिला पाय हवे तेव्हा, हवे तेवढेच. आपल्याकडची पंगत डोळ्यांपुढे आणा. शहाणा वाढपी पानात भाताचा डोंगर रचीत नाही. पान रिकामे होताना पाहतो, तेवढेच वाढतो, आणि आचाऱ्याला आत निरोप जातो तोही तेवढ्यापुरताच. टोयोटात हा निरोप एका चिठ्ठीने जातो, तिला कानबान म्हणतात. पुढच्या माणसाने भाग उचलला की चिठ्ठी मागे जाते आणि मागचा तेवढेच भाग करतो. गोदामात माल पडून राहत नाही, पैसा अडकत नाही. दुसरा पाय साकिचीच्या मागातून आलेला : दोष दिसला की थांबा. गाड्यांच्या रांगेत काम करणाऱ्या कोणाही कामगाराला काही वावगे दिसले तर त्याने डोक्यावरची दोरी ओढावी. दिवा लागतो, मुकादम धावतो, वेळेत दुरुस्ती झाली नाही तर रांग थांबते. वाईट भाग पुढे जाऊ द्यावयाचा नाही.

साध्या कामगाराच्या हाती कारखाना थांबविण्याचा अधिकार! ऐकावयास हे फार गोड आहे, आणि त्यात तथ्यही आहे. गाडी टिकाऊ निघते ती यामुळेच. परंतु सातोशी कामाता नावाचा जपानी लेखक १९७२ साली तेथे हंगामी कामगार म्हणून राहिला व १९७३ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. रांगेचा वेग माणसाला कसा पिळून काढतो हे त्याने आतून दाखविले. २००२ साली टोयोटाच्या कारखान्यात कामावर असताना एक तीस वर्षांचा तरुण कोसळून मरण पावला. शेवटच्या महिन्यात त्याने शंभराहून अधिक तास जादा काम केले होते. त्याची विधवा कोर्टात गेली आणि नागोयाच्या न्यायालयाने २००७ साली तो मृत्यू अतिश्रमाचाच ठरविला. दोषांची चर्चा करण्यासाठी कामाच्या वेळेबाहेर भरणाऱ्या बैठका, ज्यांना ‘ऐच्छिक’ म्हणत, त्याही न्यायालयाने काम म्हणून धरल्या. ज्यांच्याकडे सुपरवायझर ‘पाच मिनिटे थांबा, मीटिंग आहे’ म्हणतो, त्या आमच्या चाकणच्या पोरांनी हा निकाल पाठ करावा.

हिंदुस्थानात टोयोटा प्रथम आली ती ट्रक घेऊन. १९८० नंतर चार जपानी कंपन्यांना येथील भागीदारांबरोबर हलके ट्रक करण्याची परवानगी मिळाली. त्यातली डीसीएम-टोयोटा उत्तर प्रदेशात सूरजपूरला होती. (दुसरी, ऑलविन-निस्सान, आपल्या उदगीर-बिदरच्या शेजारी जहिराबादेत होती, तो कारखाना पुढे महिंद्राकडे गेला.) डीसीएमचा संसार टिकला नाही, तो कारखाना कोरियाच्या देवू कंपनीकडे गेला. मग टोयोटाने सोयरीक जुळवली ती किर्लोस्करांशी. हे नाव मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगावयास नको. विहिरीवर टुकटुकणारे ऑइल इंजिन म्हणजेच किर्लोस्कर, अशी एक पिढी येथे होती. बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान घालणाऱ्या, पुढे लोखंडी नांगर करणाऱ्या आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी ही भागीदारी घडविली. आणि गंमत पाहा, १९९५ साली दोघे एकत्र आले ते मोटारीसाठी नव्हे, तर सूतगिरणीची यंत्रे करण्यासाठी. मोटारीची कंपनी १९९७ साली, बंगळुराजवळ बिडदी येथे निघाली. विक्रमराव नोव्हेंबर २०२२ मध्ये निवर्तले.

जानेवारी २००० मध्ये क्वालिस आली. इंडोनेशियात ‘किजांग’ नावाने १९७७ पासून चाललेल्या गाडीच्या घराण्यातली ती. किजांग म्हणजे आपल्याकडचे भेकर. दिसावयास ती भेकरासारखी मुळीच नव्हती. पेटीसारखा आकार, जुनी घडण. वर्तमानपत्रांतल्या जाणकारांनी नाके मुरडली. पण घेणाऱ्यांनी ती उचलून धरली. आम्ही ज्या ज्या चालकांशी बोललो, त्यांचे म्हणणे जवळपास एकच : भक्कम चौकट, २.४ लिटरचे डिझेल इंजिन, माणसे आठ-दहा, आणि तेल-पाणी वेळेवर केले तर तीन-तीन लाख किलोमीटर इंजिन खोलावे लागत नाही. भोकर-हिमायतनगरच्या जुन्या खड्ड्यांत ज्याने भाडे मारले, त्याचे प्रमाणपत्र आम्ही कोणत्याही मासिकापेक्षा वरचे मानतो. २००५ साली कंपनीने खपत असलेली क्वालिस बंद करून इनोव्हा आणली, तेव्हा चालक हळहळले. वर्षभरात इनोव्हाचेच गुण गाऊ लागले. जुनी इनोव्हा विकतानाही किंमत चांगली येते, म्हणून कर्ज काढून घेणारा निर्धास्त असतो. तक्रारी नाहीत असे नाही. मूळ किंमतच भारी, सुटे भाग महाग, आणि अधिकृत दुरुस्तीसाठी लांबचा पल्ला. शिवाय एक गोष्ट घेणाराने जाणून असावी : टोयोटाचा बिल्ला असला म्हणजे गाडी टोयोटाच्याच हातची असे नाही. २०१९ साली आलेली ग्लान्झा ही सुझुकीची बलेनोच आहे. वाईट नव्हे, परंतु क्वालिसच्या पुण्याईवर ती घेऊ नये; तिच्या स्वतःच्या गुणांवर घ्यावी.

आणि दोष दिसताच थांबणारी कंपनी स्वतः नेहमी थांबते काय? २००९-१० साली अमेरिकेत तिच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी आल्या. पायाखालची चटई व अडकणारे पेडल ही कारणे सापडली, लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि साकिचीचा पणतू आकिओ टोयोडा याला फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे उभे राहून क्षमा मागावी लागली. गिऱ्हाइकांना दोषाविषयी चुकीची माहिती दिल्याबद्दल २०१४ साली १२० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. दोरी खालच्या कामगाराने ओढली तर रांग थांबते. वरच्या मजल्यावरची दोरी ओढावयास बाहेरचे सरकार लागले.

बिडदीचा कारखानाही शांत राहिलेला नाही. जानेवारी २००६ मध्ये तीन कामगारांच्या बडतर्फीवरून संप आणि टाळेबंदी झाली. मार्च २०१४ मध्ये पगारवाढीच्या वादात टाळेबंदी, आणि ती उठवताना कामगारांकडून चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र मागण्यात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये युनियनच्या एका पदाधिकाऱ्याच्या निलंबनावरून तिसरा झगडा पेटला. सुमारे साडेतीन हजार कामगार त्यात होते आणि तो मार्च २०२१ पर्यंत चालला. रांगेचा वेग असह्य आहे, पाणी पिण्याला वा लघवीला जाण्याला वेळ मिळत नाही, हे कामगारांचे म्हणणे. बेशिस्त खपवून घेणार नाही, हे कंपनीचे. पद्धतीच्या ग्रंथांत आदर हा शब्द पानोपानी येतो, त्यामुळे ही तक्रार आम्हाला अधिक बोचते.

हे सारे इस्लापुरात सांगण्याचे कारण असे की ही कंपनी आता आपल्या मराठवाड्यात येत आहे. ३१ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकार व टोयोटा-किर्लोस्कर यांच्यात करार झाला. छत्रपती संभाजीनगर-पैठण रस्त्यावरील बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत सुमारे २०,००० कोटी रुपये घालून वर्षाला चार लाख गाड्या करण्याची योजना आहे. कारखाना यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. आमच्या तालुक्यांतली पोरे आयटीआय करून पुण्याला जातात, कंत्राटदाराच्या वहीत नाव लागते, ते अकराव्या महिन्यात खोडले जाते. दोरी ओढण्याचा अधिकार अशा पोराला देऊन काय उपयोग? उद्याची खात्री नसलेला हात दोरीकडे जात नाही. तेव्हा कायम किती, कंत्राटी किती, शिकाऊ किती, आणि रांगेचा वेग ठरविताना युनियनला विचारणार काय, हे प्रश्न पहिली वीट बसण्यापूर्वी विचारले पाहिजेत. आणि एक मागणीही केली पाहिजे. बिडदीच्या आवारात २००७ पासून कंपनीची तंत्रशाळा आहे. कर्नाटकातल्या गरीब खेडुतांची दहावी झालेली मुले तेथे तीन वर्षे विनामूल्य राहून शिकतात. तशी शाळा बिडकीनला निघावी, आणि तिच्यात किनवट-माहूरच्या आदिवासी मुलामुलींसाठी जागा राखून ठेवाव्यात. तिचा अर्ज मराठीत असावा, आणि तो मुंबईत नव्हे, किनवटच्या तहसील कचेरीत मिळावा.