मधाचे स्वामित्व : वनकायदा, ग्रामसभा आणि मधमाशी

भद्रावती व लगतच्या चंद्रपूर-गडचिरोली वनप्रदेशात मधाचे स्वामित्व माशीची जात व पोळ्याची जागा यांवरून ठरते. सातेरी माशी ढोलीत राहणारी असल्याने परसातील पेटीत पाळता येते. तिचा मध पाळणाऱ्याचा. आग्या माशी मात्र उंच वृक्षांवर उघडे पोळे बांधते. ती पेटीत राहत नाही. तिचा मध कोणाचा, हा खरा प्रश्न होय.

भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातील मध व मेण ‘वनोपज’ ठरतात. त्यामुळे संकलक दीर्घकाळ शासकीय परवानगीवर अवलंबून राहिला. वनहक्क कायदा, २००६ ने त्यांचा गौण वनोपजात समावेश करून परंपरेने संकलन करणाऱ्या वननिवासींचे स्वामित्व मान्य केले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क प्राप्त झाला.

याच कायद्याच्या कलम ५ ने जैवविविधता-रक्षणाचे अधिकारही ग्रामसभेस दिले आहेत. आगीने संपूर्ण पोळे जाळल्यास वसाहत नष्ट होते. केवळ मधाचा भाग कापून अंडी-अळ्यांचा भाग राखल्यास ती टिकू शकते. सारांश, स्वामित्व निश्चित झाल्याने पुढील हंगामासाठी पोळे राखण्यास संकलकाला सबळ कारण मिळते.