पाच वाक्यांचा पुरावा

१९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं जेमतेम पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात अफूवर्गीय औषध मिळालेले ११,८८२ रुग्ण. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी ते जडल्याची पक्की नोंद फक्त चौघांची. आकडा खोटा नव्हता. पण हे रुग्ण खाटेवर होते, डोस रुग्णालयाच्या हातात होता आणि घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, याबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. २०१७ साली याच नियतकालिकाने हिशोब छापला: ६०८ लेखांत या पत्राचा हवाला, आणि त्यांपैकी सुमारे ८१ टक्के लेखांत रुग्ण इस्पितळातले होते हेच गाळलेलं! असल्या आधारावर पर्ड्यू फार्मा या अमेरिकी औषध कंपनीने १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन ही सावकाश विरघळणारी अफूवर्गीय गोळी पाठदुखी-सांधेदुखीवर महिनोन्महिने घ्यायला खपवली.

गोळी वाईट नाही, गैरवापर करणारे वाईट, हा कंपनीचा ठरलेला बचाव. (व्यसनाचा धोका कमी असल्याची दिशाभूल केल्याचा गुन्हा तिच्या संलग्न कंपनीने २००७ मध्ये कबूल केला.) शरीर मात्र डॉक्टरांची चिठ्ठी बघून वागत नाही. रोज घेतलं की तोच डोस कमी पडू लागतो, म्हणून मात्रा वाढते. पण श्वास मंदावण्याच्या परिणामाला शरीर तेवढ्या वेगाने सरावत नाही. त्यात झोपेची गोळी किंवा दोन पेग पडले, तर झोपेतच श्वास थांबू शकतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये कॅन्सर नसलेल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. पहिल्यांदा किमान एक दिवस अफूवर्गीय औषध घेतलेल्यांपैकी ६ टक्के वर्षानंतरही ते घेत होते. महिन्याहून जास्त घेतलेल्यांत जवळपास ३० टक्के. यातल्या काहींचं दुखणंच लांबलेलं असणार, हे मान्य. तरी पहिल्या चिठ्ठीतले दिवस मोजून लिहावेत, एवढं सांगायला हे पुरेसं आहे.

मग वेदनेने तळमळणाऱ्याने काय करायचं? हा आक्षेप खरा आहे, आणि भीतीचं टोक आपण भारतात भोगलंय. अमली पदार्थांवरच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातल्या परवान्यांच्या जाचाने अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कॅन्सरचे रुग्ण त्यावाचून तळमळले. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. उलट ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक इतकं सहज मिळे की २०१८ मध्ये त्याला याच कायद्याखाली आणावं लागलं. ऑपरेशननंतर असं औषध लिहून दिलं, तर बंद कधी करायचं ती तारीखही चिठ्ठीवर मागून घ्यावी. आणि काही आठवडे घेतलेली गोळी एकदम न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत आणावी.