जुनी पिकअप घरीं आणण्यापूर्वीं

नव्या गाडीची किंमत कारखाना ठरवितो; जुन्या गाडीची किंमत मात्र तिनें आजवर काय वाहिलें, कोणत्या रस्त्यांनीं वाहिलें आणि कोणाच्या हाताखालीं वाहिलें, यावरून ठरली पाहिजे. पण व्यवहारांत पाहावें तों ती ठरते वरच्या रंगावरून! मुलीचें स्थळ पाहतांना सात पिढ्यांची चौकशी करणारीं आमचीं घरें चार लाखांची जुनी गाडी अर्ध्या तासांत पसंत करून मोकळीं होतात, हें नवल नव्हे काय?

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोंकणांत बाग, देशावर ऊंसाचें शेत, किंवा शहरांत एखादा लहानसा घरचा उद्योग असतो. अशा घरांना भाड्याच्या गाडीपेक्षां स्वतःची मध्यम आकाराची पिकअप सोयीची वाटते. आणि नवी घेण्याचें बळ नसलें म्हणजे जुनीकडे दृष्टि वळते. त्यांत गैर कांहींच नाहीं. चांगली राखलेली जुनी पिकअप दहा वर्षें इमानानें चाकरी करील. तथापि ती ओळखतां आली पाहिजे. आम्हांला ती ओळखतां आली नाहीं. म्हणूनच हा लेख लिहिण्याचा आम्हांस थोडाफार अधिकार आहे असें आम्ही समजतों.

२०१८ सालच्या फेब्रुवारींत आम्हीं बंधूंनीं मिळून रत्नागिरीकडील बागेसाठीं एक पिकअप घेतली. साडेतीन लाखांपैकीं दोन लाख आमच्या काकूंनीं आपल्या ठेवींतून काढून दिले. गाडीचा रंग आरशासारखा, टायर नवे, आसनांवर नवीं आच्छादनें. आम्हीं ती संध्याकाळीं पाहिली. विकणाऱ्यानें एंजिन आधींच सुरू करून ठेवलें होतें. "कागद पुढच्या आठवड्यांत तुमच्या नांवावर करून देतों," असें तो म्हणाला, आणि त्या शब्दावर आम्हीं पैसे मोजले.

एप्रिलांत ६० पेट्या आंबा घेऊन ती वाशीच्या बाजाराला निघाली. कशेडी घाटांत हौदा एका बाजूस कलल्यासारखा वाटला म्हणून चालकानें गाडी थांबविली. खालीं वांकून पाहतो तों बैठकीच्या मागें लोखंडी चौकटच चिरलेली! माणसांस इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. पेट्या दुसऱ्या गाडींत घालून बाजारांत पोंचावयास दीड दिवस लागला; उन्हांत आंबा उतरला आणि भाव निम्मा आला. मिस्त्रीनें काळा रंग खरवडला तेव्हां जुनी झाळ दिसली. नांव बदलण्यास गेलों तेव्हां कळलें कीं गाडीवर कर्जाचा बोजा अद्याप उभा आहे. विकणारा तोंवर गांव सोडून गेला होता.

पैसा गेला तो गेलाच. पण त्याहून वाईट म्हणजे गाडी पसंत करणारे धाकटे बंधू आणि पैसे देण्यास होकार देणारे थोरले, हे दोघे एका पंगतीस बसूनहि दोन महिने एकमेकांशीं बोलले नाहींत. शेवटीं काकूच एके दिवशीं म्हणाल्या, "पैसे गेले त्याचें मला दुःख नाहीं रे. तुम्ही चौघे गेलां होतां, आणि खालीं वांकून पाहायला एकहि जण तयार झाला नाहीं, याचें आहे."

२०२३ सालीं दुसरी गाडी पाहण्याचा प्रसंग आला, तेव्हां आम्हीं एका वयस्क मिस्त्रींना बरोबर घेतलें. त्यांनीं तीन गाड्या नाकारल्या आणि चौथी घेवविली. त्यांच्यापासून जें शिकलों तें क्रमानें सांगतों.

प्रथम खालीं वांका

पिकअपची सारी मातब्बरी तिच्या चौकटींत असते. हिला कारागीर चासी म्हणतात. एंजिन, हौदा, चाकें हीं सर्व तिच्यावर बसविलेलीं. तीं बदलतां येतात, चासी बदलणें मात्र जवळजवळ नवी गाडी करण्यासारखेंच आहे. म्हणून दिवसाउजेडीं, विजेरी घेऊन, गाडीखालीं शिरून पाहावें. पाट्यांचे आधार जेथें चासीला जोडलेले असतात ती जागा, आणि बैठकीच्या मागचा भाग, हीं चिरा पडण्याचीं मुख्य स्थानें. लहान हातोडीनें ठिकठिकाणीं हलकेच ठोकावें. निकोप लोखंड खणखणतें, गंजानें खाल्लेलें बद्द आवाज देतें व त्याचे पापुद्रे सुटतात. झाळकामाची रेघ दिसली तर ती कशासाठीं, हें विचारल्यावांचून राहूं नये. गाडी जुनी आणि पोटाखालीं मात्र कालचा काळा रंग, असें दिसल्यास तो रंग काय झांकतो याचा विचार करावा.

समुद्रकांठच्या गाडीविषयीं अधिक सावधगिरी हवी. खारी हवा लोखंडाला गंजविते. त्यांतून गाडी मासळीच्या वाहतुकीची असली तर बर्फाचें खारट पाणी हौद्यांतून झिरपून वर्षानुवर्षें चासीवर ठिबकलेलें असतें. हौद्याच्या तळाचे सांधे व फाळक्यांच्या बिजागऱ्या पाहिल्या म्हणजे हा इतिहास वाचतां येतो.

मागचे पाटे मोजावे. कारखान्यानें दिले त्याहून एखादा अधिक घातलेला असल्यास ती गाडी नेहमीं मर्यादेबाहेर लादली जात होती असें समजावें. रिकाम्या गाडीचे पाटेहि सपाट झाले असतील, किंवा एक बाजू खालीं बसली असेल, तर तोच अर्थ. अतिभाराचा मार केवळ पाट्यांना बसत नाहीं. चासी, क्लच, ब्रेक व मागचें हाउसिंग या सर्वांना तो पोंचतो.

एंजिन थंड असतांना

विकणाऱ्यास आधींच सांगावें कीं आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नका. आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहावें. तें ऊन लागल्यास नम्रपणें दुसऱ्या दिवशीं येतों म्हणावें. डिझेल एंजिनाचे पुष्कळसे दोष पहिल्या दोन मिनिटांतच प्रकट होतात आणि गरम झाल्यावर दडून बसतात.

धुराचा रंग ही एंजिनाची नाडी होय. थंडींत पहिल्यानें थोडी पांढुरकी वाफ दिसली तर भिण्याचें कारण नाहीं. पण गरम झाल्यावरहि दाट पांढरा धूर येत राहिला तर शीतक द्रव आंत जळत असण्याचा संभव असतो. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन पुरतें जळत नाहीं. हवेची जाळी तुंबल्यापासून इंजेक्टर बिघडण्यापर्यंत त्याचीं कारणें अनेक. यानंतर एंजिन चालू असतां तेल भरण्याचें झाकण सैल करावें. थोडी फुंकर स्वाभाविक आहे; भात्याप्रमाणें धूर फेंकला जात असेल तर कारागिरांच्या भाषेंत तें बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे दट्ट्याच्या कड्या झिजल्या. मग एंजिनाचें मोठें काम दूर नाहीं. झाकणाच्या आंतल्या बाजूस दुधाळ कॉफीसारखा लगदा, किंवा पाण्याच्या बाटलींत तेलाचा तवंग दिसला, तर तेल आणि पाणी एकत्र होत आहे असा संशय धरावा.

१ एप्रिल २०२० पासून देशांत बीएस-६ मानक लागू झालें. त्यानंतरच्या ज्या डिझेल गाड्यांना काजळी धरणारी जाळी असते, त्या केवळ गल्लीबोळांतून लहान फेऱ्या मारीत राहिल्या तर जाळी तुंबते व दिवा पेटतो. ही जाळी महाग असते. किल्ली फिरवितांच सर्व दिवे लागून नंतर विझतात कीं नाहीं तें पाहावें. दिवा मुळींच लागत नसेल तर तो मुद्दाम काढलेला असूं शकेल! मिस्त्रीच्या तपासणी-यंत्रावर दोषांची नोंद पाहिल्यावांचून अशी गाडी घेऊं नये.

चालवून पाहतांना

हातब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. एंजिन बंद पडलें तर क्लच पकडतो आहे, चालूच राहिलें तर तो घसरतो आहे. उतारावर दुसऱ्या गिअरमध्यें असतां पाय उचलावा. गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरपेटी झिजली. पुढें-मागें करतांना खालून 'ठक्' असा आवाज आल्यास बहुधा दांड्याचा क्रॉस गेला. हा खर्च लहान. वेग वाढतां मागून घूं घूं असा आवाज मात्र हाउसिंगचा, आणि तो खर्च मोठा. सरळ रस्त्यावर क्षणभर चक्रावरील पकड सैल करावी, आणि ब्रेक दाबतांना गाडी एका बाजूस ओढते कां हें पाहावें.

टायरवर चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ असें असेल तर तें टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतलें. एकाच बाजूनें झिजलेलें टायर पुढच्या भागांतील दोष सांगतें. किलोमीटरचा आंकडा मात्र शपथेवर घेऊं नये. तो मागें फिरवितां येतो. पायखुंट्यांचें झिजलेलें रबर, फाटकें आसन व देखभालीच्या पावत्या हे त्याहून खरे साक्षीदार.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाहीं. २०१९ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूरकडे, आणि २०२१ च्या जुलईंत चिपळूणांत, असंख्य गाड्या पाण्याखालीं गेल्या. अशा गाडीची वीजव्यवस्था पुढें कित्येक महिन्यांनींहि दगा देते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्यावर पाण्याची मळकट रेघ राहते. आसनाखालचे गंजलेले बोल्ट, दिव्यांच्या कांचेआड वाफ व कुबट वास हींहि लक्षणें होत.

कागदपत्रें

चासीवर कोरलेला क्रमांक व नोंदणीपुस्तकांतला क्रमांक अक्षरशः जुळवून पाहावा. सरकारी 'वाहन' संकेतस्थळावर नोंदणीचा तपशील, योग्यतेची मुदत, विमा व कर्जाचा बोजा पाहतां येतो. दंडाच्या थकलेल्या पावत्याहि तपासाव्या. बोजा असल्यास सावकार संस्थेचें ना-हरकतपत्र व नमुना ३५ हातीं आल्याखेरीज एक रुपयाहि देऊं नये. मालवाहू गाडी आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनीं, आणि पुढें दरवर्षीं योग्यतेच्या तपासणीस न्यावी लागते. तो खर्च किंमतींत धरावा. भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षां अधिक असल्यास परवानाहि लागतो.

मालकीबदलासाठीं नमुना २९ व ३० भरावे लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत कळवावयाचें असतें. विमाहि १४ दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्यास अर्ज करावा. २०१८ सालीं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं नोंदणींत ज्याचें नांव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी त्यानें विकलेली कां असेना. तेव्हां नांव बदलण्याची घाई खरें तर विकणाऱ्यासच असावी. "करूं पुढें, काय घाई आहे?" असें जो म्हणतो, त्याचा हेतु पारखून घ्यावा.

शेवटची गोष्ट

वर सांगितलेले सर्व दोष सारखे नव्हेत. क्रॉस, टायर, ब्रेकचे गुटके, रंगाचे ओरखडे, हे किंमत कमी करून घेण्याचे विषय. चिरलेली चासी, तेलापाण्याचा संकर, पुराचें पाणी आणि अपुरे कागद, हे मात्र उठून नमस्कार करून परत येण्याचे विषय. हा भेद घरींच ठरवून निघावें. गाडी पुढें उभी राहिली, चहा आला, "दुसरें गिऱ्हाईक संध्याकाळीं येतें आहे" असें कानांवर पडलें, म्हणजे शहाण्या माणसाचीहि बुद्धि डळमळते. म्हणून पहिल्या भेटीस पैसे बरोबर नेऊं नयेत, आणि जो 'नको' म्हणण्यास कचरणार नाहीं असा एक तरी माणूस न्यावा. मिस्त्रीची एका दिवसाची मजुरी हा या व्यवहारांतला सर्वांत लाभाचा खर्च आहे.

एकत्र कुटुंबांत पैसा एकाचा नसतो. म्हणून पसंतीची जबाबदारीहि एकाच्या माथीं मारूं नये. २०२३ सालीं चौथी गाडी पाहावयास आम्ही चौघे बंधू गेलों, तेव्हां मिस्त्रींच्या पाठोपाठ एकेक जण आळीपाळीनें गाडीखालीं शिरला. घरीं आलों तेव्हां चौघांच्याहि पाठीला माती लागलेली होती. ती पाहून काकू फक्त हंसल्या, आणि अंघोळीचें पाणी काढावयास सांगून आंत गेल्या.