कोडिंगच्या मुलाखतीत नेमकं काय मोजलं जातं?

डोंबिवली-कल्याणहून निघून, ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीच्या आयटी पार्कात मुलाखतीला जाणाऱ्यांनो, फळ्यासमोर डोकं बंद पडलं म्हणून स्वतःला ढ समजू नका. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी बंद खोलीत एकट्याने प्रॉब्लेम सोडवला, काहींनी परीक्षकासमोर, मोठ्याने विचार सांगत. नुसत्या त्या नजरेने कामगिरी निम्म्याहून खाली घसरली! एकट्याने सोडवणाऱ्या सगळ्या मुली उत्तीर्ण, परीक्षकासमोरच्या सगळ्या नापास. (मुलींची संख्या लहान होती, हे ध्यानात ठेवूया.)

कामावरही दडपण असतंच, असं कुणी म्हणेल. असतं, पण सर्व्हर बंद पडला तरी लॉग वाचता येतो, शेजारच्याला विचारता येतं. उमेदवार ढीगभर असतात, चाळणी लागणारच, हेही मान्य. मग कंपन्यांनो, उमेदवाराला बिघडलेला छोटा प्रोग्राम द्या, तासभर एकटं बसू द्या आणि नंतर त्यावरच प्रश्न विचारा.