446 गोलांमागचे हात

6 एप्रिल 2025 रोजी न्यूयॉर्कजवळच्या यूबीएस अरेनात आइस हॉकीपटू अलेक्झांडर ओव्हेच्किनने कारकिर्दीतला 895वा गोल केला आणि वेन ग्रेट्झकीचा 894 गोलांचा विक्रम मागे पडला. ग्रेट्झकी त्या दिवशी तिथे हजर होता. जगभरच्या क्रीडापानांवर दुसऱ्या दिवशी 894 आणि 895 हेच आकडे होते. नॅशनल हॉकी लीगच्या नोंदींत ग्रेट्झकीच्या गोलांच्या शेजारच्या रकान्यात आणखी एक आकडा आहे: 1963. हे त्याचे असिस्ट. गुणांच्या यादीत त्याच्याखालोखाल असलेल्या यारोमीर यागरचे गोल आणि असिस्ट मिळून 1921 होतात. म्हणजे ग्रेट्झकीने आयुष्यात एकही गोल केला नसता, तरी तो लीगच्या इतिहासात सर्वाधिक गुणांचा खेळाडू राहिला असता.

त्या 1963 असिस्टपैकी 1086 एडमंटन ऑयलर्सच्या जर्सीतले आहेत. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताच्या या संघाने 1979 ते 1990 या काळात लीगचं विक्रमांचं पुस्तक जवळजवळ नव्याने लिहायला लावलं. त्या काळाबद्दल बोलताना बहुतेकजण गोलांबद्दल बोलतात. मला वाटतं, या संघाला ओळखायचं तर असिस्टचा रकाना आधी वाचायला हवा.

क्रिकेटच्या धावफलकात झेल घेणाऱ्याचं नाव गोलंदाजाच्या शेजारी छापतात, पण बळी मात्र गोलंदाजाच्याच खात्यात जातो. आइस हॉकीत तसं नाही. गोल होण्याआधी पकला, म्हणजे खेळातल्या चकतीला, शेवटचा स्पर्श करणाऱ्या जास्तीत जास्त दोन साथीदारांना असिस्ट मिळतो, आणि गुणांच्या हिशोबात असिस्टची किंमत गोलाइतकीच, म्हणजे एक. या नियमामुळे संघाच्या प्रत्येक गोलामागे तीन नावांची नोंद राहू शकते. कोण कोणाला शोधत होता, कोणाची जोडी जमली होती, बचावफळीतला कोणता खेळाडू पुढे येऊन हल्ल्यात मिसळत होता, हे सगळं चाळीस वर्षांनंतरही त्या कागदांवरून वाचता येतं.

ऑयलर्स 1972 साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन या प्रतिस्पर्धी लीगमध्ये सुरू झाले. 1978 च्या नोव्हेंबरात मालक पीटर पॉकलिंग्टन यांनी इंडियानापोलिस रेसर्सकडून सतरा वर्षांचा ग्रेट्झकी घेतला. पुढच्याच वर्षी ती लीग बंद पडली आणि एडमंटन, क्विबेक, विनिपेग आणि हार्टफर्ड हे चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये आले. 10 ऑक्टोबर 1979 ला शिकागोत ऑयलर्सचा पहिला सामना झाला. तो त्यांनी 4-2 असा गमावला, पण संघाचा नव्या लीगमधला पहिला गोल त्याच सामन्यात झाला. करणारा केव्हिन लो, असिस्ट ग्रेट्झकीचा. ग्रेट्झकीचा या लीगमधला पहिला गुण तोच. संघाचं आणि त्याचं खातं एकाच ओळीत, दुसऱ्याच्या गोलाने उघडलं.

लो हा ऑयलर्सने 1979 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलेला पहिला खेळाडू, एकूण एकविसाव्या क्रमांकावरचा. त्याच वर्षी मार्क मेसिए अठ्ठेचाळिसाव्या आणि ग्लेन अँडरसन एकोणसत्तराव्या क्रमांकावर मिळाले. 1980 मध्ये पॉल कॉफी सहाव्या क्रमांकावर आला आणि हेलसिंकीचा यारी कुरी पुन्हा एकोणसत्तराव्या. 1981 मध्ये गोलरक्षक ग्रँट फ्यूर. मुख्य निवडकर्ते बॅरी फ्रेझर यांचं हे काम एखाद्या चषकापेक्षा कमी नाही. तीन वर्षांत निवडलेली ही सहा मुलं पुढे हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली. प्रशिक्षक ग्लेन सेथर यांना विनिपेग जेट्सने स्वीडिश खेळाडूंच्या जोरावर उभा केलेला वेगाचा आणि जागा बदलत पास देण्याचा खेळ भावला होता. त्यांनी या मुलांना तसंच खेळू दिलं.

पहिल्या हंगामात ग्रेट्झकीचे 137 गुण झाले आणि मार्सेल डिऑनशी बरोबरी झाली. गोल जास्त म्हणून गुणांचा चषक डिऑनला मिळाला. 51 गोल आणि 86 असिस्ट करणाऱ्या मुलाला 53 गोल करणाऱ्याच्या मागे ठेवणारा तो नियम आजही आहे. 1980-81 मध्ये त्याने 109 असिस्ट करून बॉबी ऑरचा 102 चा विक्रम मोडला, आणि एकूण 164 गुणांनी फिल एस्पोझिटोचा 152 गुणांचाही.

मग 1981-82 चा हंगाम आला. मॉरिस रिशारने 1944-45 मध्ये 50 सामन्यांत 50 गोल केले होते आणि छत्तीस वर्षांनी माइक बॉसीने ते पुन्हा करून दाखवलं होतं. ग्रेट्झकीला 39 सामने लागले. 30 डिसेंबर 1981 ला फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने पाच गोल केले. पाचवा, म्हणजे हंगामातला पन्नासावा, शेवटच्या सेकंदांत रिकाम्या जाळीत गेला. पास अँडरसनचा होता. त्या हंगामात त्याचे 92 गोल झाले, आणि हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण त्याच वर्षीचे त्याचे असिस्ट 120 होते. आयुष्यातल्या सर्वाधिक गोलांच्या वर्षीही त्याने स्वतःच्या गोलांपेक्षा दुसऱ्यांचे गोल जास्त घडवले.

संघाने त्या हंगामात 417 गोल केले. त्याआधी कुठल्याही संघाला चारशेचा आकडा गाठता आला नव्हता. बॉस्टन 1970-71 मध्ये 399 वर थांबला होता. पुढच्या चार हंगामांत ऑयलर्सचे आकडे असे: 424, 446, 401, 426. पाच वर्षांत 400 सामने आणि 2114 गोल. त्यांच्याशिवाय अजूनही कोणत्याही संघाने एका हंगामात चारशे गोल केलेले नाहीत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो बिनबुडाचा नाही. त्या दशकात सगळीकडेच भरपूर गोल होत. दोन्ही संघांचे मिळून सामन्यागणिक सरासरी आठच्या आसपास, तर अलीकडच्या हंगामांत साधारण सहा. गोलरक्षकांचे पॅड लहान होते, बरेचजण उभ्यानेच फटके अडवत, आणि शंभर फटक्यांतले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी अडवणारा तेव्हा ठीकठाक मानला जाई. हे सगळं मान्य केलं, तरी एक प्रश्न उरतो. त्याच बर्फावर, त्याच गोलरक्षकांसमोर बाकीचे वीस संघही खेळतच होते. 1983-84 मध्ये ऑयलर्सचे 446 गोल झाले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या क्विबेकचे 360. शहाऐंशी गोलांचं हे अंतर काळाच्या नावावर टाकता येत नाही. त्या वर्षी ऑयलर्सने एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना, म्हणजे माणूस कमी असताना, 36 गोल केले. तो विक्रमही टिकून आहे. आणि फ्यूरने गोलरक्षक असून 14 असिस्ट केले. जाळीसमोरून सुटलेला पक थेट हल्ल्यात पोचवणारा हा संघ होता.

1983-84 हा मला या सगळ्या काळाचा गाभा वाटतो. हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून ग्रेट्झकीने सलग 51 सामन्यांत किमान एक गुण मिळवला. जानेवारीत शिकागोत ही मालिका तुटलीच होती. दोन सेकंद उरले असताना त्याने पक हिसकावून रिकाम्या जाळीत मारला, तेव्हा ती वाचली. शेवटी 28 जानेवारी 1984 ला लॉस एंजेलिस किंग्जचा गोलरक्षक मार्कस मॅटसनने ती थांबवली. त्या 51 सामन्यांत 61 गोल आणि 92 असिस्ट, म्हणजे 153 गुण. आजच्या ऑयलर्सचा कर्णधार कॉनर मॅकडेव्हिड, या पिढीतला सर्वोत्तम खेळाडू, त्याचा सर्वात मोठा हंगाम 2022-23 चा. त्यातही नेमके 153 गुण झाले, पण 82 सामन्यांत.

त्याच वर्षी कुरीचे 52 गोल झाले, अँडरसनचे 54 आणि ग्रेट्झकीचे 87. कॉफी बचावपटू असून त्याचे 126 गुण झाले. एका माणसाने एवढे असिस्ट करायचे तर गोल करणारेही तितकेच हवेत, हे या ओळी वाचताना कळतं. कुरी ग्रेट्झकीच्या उजव्या बाजूने सरकत यायचा आणि पास थांबवायच्या भानगडीत न पडता थेट फटका मारायचा. ग्रेट्झकी प्रतिस्पर्ध्यांच्या जाळीमागे उभा राहून वाट बघायचा. त्या जागेला लोक त्याचं ऑफिस म्हणू लागले. बचावपटूंना तिथे त्याच्या अंगावर जायचं तर जाळीसमोरची जागा मोकळी पडायची.

अंतिम फेरीत मात्र वेगळंच घडलं. आदल्या वर्षी, 1983 मध्ये, न्यूयॉर्क आयलंडर्सने त्यांना सलग चार सामन्यांत हरवलं होतं. 424 गोल करून आलेल्या संघाला त्या चार सामन्यांत फक्त सहा गोल करता आले आणि ग्रेट्झकीला एकही नाही. 1984 मध्ये पुन्हा आयलंडर्सच समोर आले. पहिला सामना ऑयलर्सने 1-0 असा जिंकला. गोल केव्हिन मॅक्लेलंडचा, जो चौथ्या फळीत खेळायचा. 19 मेला त्यांनी लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक उचलला. या हंगामातला मला सर्वात मोलाचा गोल निवडायला सांगितला, तर मी मॅक्लेलंडचा निवडेन.

1985 मध्ये दुसरा चषक आला. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, अंतिम फेरीआधी शिकागोविरुद्धच्या सहा सामन्यांच्या मालिकेत त्यांनी 44 गोल केले, त्यातले 12 एकट्या कुरीचे. त्या प्लेऑफमध्ये ग्रेट्झकीचे 47 गुण झाले, तेही अजून कोणी ओलांडलेले नाहीत. डिसेंबर 1985 मध्ये शिकागोतच एक सामना 12-9 असा संपला. एकवीस गोल, लीगच्या इतिहासातल्या सर्वाधिक गोलांच्या विक्रमाशी बरोबरी. एडमंटनच्या बारा गोलांपैकी ग्रेट्झकीचा एकही नव्हता. त्याचे असिस्ट सात होते.

1985-86 च्या त्या हंगामात त्याचे असिस्ट 163 झाले, सामन्यागणिक दोनहून जास्त. पिट्सबर्गचा मारिओ लेम्यू त्या वर्षी गुणांत दुसरा आला, 141 वर. ग्रेट्झकी सोडून लीगच्या इतिहासात एका हंगामात 163 गुण ओलांडणारा खेळाडू एकच, तो लेम्यूच, आणि ते नंतरच्या वर्षांत. कॉफीने 48 गोल करून बचावपटूंसाठीचा ऑरचा 46 चा विक्रम मोडला. गुणांत तो 138 वर राहिला, ऑरपेक्षा एकने मागे.

आणि याच वर्षी ते हरले. 30 एप्रिल 1986 ला कॅलगरीविरुद्धच्या सातव्या सामन्यात बचावपटू स्टीव्ह स्मिथने आपल्या जाळीमागून दिलेला पास फ्यूरच्या पायाला लागून आत गेला. स्मिथचा त्या दिवशी तेविसावा वाढदिवस होता. सामना 3-2 असा गेला. चार वर्षांपूर्वीही असंच घडलं होतं. हंगामाच्या गुणतक्त्यात 111 गुणांवर असलेल्या ऑयलर्सने 63 गुणांच्या किंग्जविरुद्ध 5-0 अशी आघाडी घेऊन सामना 6-5 असा घालवला होता, आणि मग मालिकाही. या दोन पराभवांशिवाय एडमंटनचा इतिहास सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. हल्ल्यावर एवढा भर देणारा संघ मागे जागा सोडतो, आणि ती जागा कधीतरी भरून घेतली जाते. 446 गोलांच्या हंगामात त्यांच्यावरही 314 गोल झाले होते.

पुढच्या वर्षी ते पुन्हा जिंकले. विजयानंतर ग्रेट्झकीने चषक सगळ्यात आधी स्मिथच्या हाती दिला. 1988 मध्ये चौथा चषक. त्या प्लेऑफमध्ये ग्रेट्झकीचे 31 असिस्ट झाले. अंतिम फेरीत बॉस्टनमधला एक सामना 3-3 असताना वीज गेल्याने सोडून द्यावा लागला, पण त्यातले गोल आणि असिस्ट धरले गेले. मग 9 ऑगस्ट 1988 ला पॉकलिंग्टन यांनी ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. मोबदल्यात दोन खेळाडू, पहिल्या फेरीतल्या तीन निवडी आणि दीड कोटी डॉलर. कॅनडात त्याचा शोक झाला आणि संसदेतही विषय निघाला. 15 ऑक्टोबर 1989 ला एडमंटनमध्येच, किंग्जच्या जर्सीत, त्याने गॉर्डी हाऊचा 1850 गुणांचा विक्रम मोडला. सामना संपायला एक मिनिटही उरलं नव्हतं. प्रेक्षक उभे राहिले, सामना थांबवावा लागला.

1990 मध्ये मेसिएच्या नेतृत्वाखाली पाचवा चषक आला, ग्रेट्झकीशिवाय. तो चषक मला फार महत्त्वाचा वाटतो. आकडे एका माणसाचे होते असं म्हणणाऱ्यांना मेसिए, कुरी, अँडरसन आणि लो यांनी बर्फावर दिलेलं ते उत्तर होतं.

त्यानंतर एडमंटनला चषक मिळालेला नाही. 2022-23 मध्ये मॅकडेव्हिड आणि त्याचा साथीदार ड्रायसाइटल यांच्या संघाने 325 गोल केले आणि पॉवर प्लेवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेवर असताना मिळालेल्या संधींवर, 32.4 टक्क्यांचा लीगचा विक्रम केला. 325 हे त्या वर्षीचे लीगमधले सर्वाधिक गोल, पण 446 पासून ते 121 ने दूर आहेत, आणि सामने दोन जास्त. एका हंगामात शंभर असिस्ट ग्रेट्झकीने सलग अकरा वेळा केले. 2023-24 संपेपर्यंत बाकी सगळ्या लीगने मिळून ते चार वेळा केलं होतं: ऑर, लेम्यू, कुचेरोव्ह आणि मॅकडेव्हिड, प्रत्येकी एकदा. मॅकडेव्हिडने त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये 25 सामन्यांत 34 असिस्ट केले आणि ग्रेट्झकीचा 1988 चा 31 चा विक्रम मोडला. ग्रेट्झकीचे 31 हे 19 सामन्यांतले होते. फ्लोरिडाविरुद्धची अंतिम फेरी सातव्या सामन्यात गेली आणि ऑयलर्स तो एका गोलाने हरले, तरी प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मॅकडेव्हिडलाच मिळाला.